बॉनेटवरची बेडकुळी

दिवाळीची सुट्टी होती. दौलताबादच्या किल्ल्यासमोर वाहनांची दाटी झालेली, कडेला सीताफळांच्या पाट्या मांडलेल्या, आणि त्या गर्दीत एक लाल, लांब नाकाची, दोन दारांची गाडी उभी. पुढच्या जाळीवर चौखूर उधळलेला घोडा. भोवती गावातली सात-आठ पोरं गोळा झाली होती. एक जण माहीतगाराच्या थाटात सांगत होता, "ही मस्टँग. मसल कार." दुसरा अंगाने भरलेला होता, तालमीत जाणारा असावा. त्याने बॉनेटच्या मधोमध आलेला उंचवटा नीट न्याहाळला, स्वतःचा दंड वाकवला आणि म्हणाला, "म्हणजे बेटकुळी काढलीय की हिनं!"

मी किल्ला चढायला आलो होतो, पण पहिली पायरी चढण्याआधीच दिवसभराची शिदोरी मिळाली. ज्या शब्दाला आपले कोशकार 'स्नायुयुक्त मोटार' असं काहीतरी अवघड रूप देतील, त्याचं अचूक मराठी त्या पोराने उभ्या उभ्या करून दाखवलं होतं. हे मराठी किती अचूक आहे, ते कळायला 'मसल' या शब्दाच्या मुळाशी जावं लागतं.

इंग्रजी 'मसल' आला लॅटिन 'मुस्कुलुस'वरून. त्यातला 'मूस' म्हणजे उंदीर, आणि '-कुलुस' हा लहानपणा दाखवणारा प्रत्यय. मुस्कुलुस म्हणजे उंदरू, छोटासा उंदीर. दंड वाकवला की कातडीखाली काहीतरी टुणकन वर येतं, सरकतं, आणि हात सैल सोडला की दडून बसतं. रोमन माणसाला त्यात बिळातला उंदीर दिसला. ग्रीकांनाही तोच दिसला. त्यांच्या भाषेत 'म्यूस' या एकाच शब्दाचे दोन अर्थ होते, उंदीर आणि स्नायू. हृदयविकाराच्या झटक्यानंतर डॉक्टर कागदावर 'मायोकार्डियल इन्फार्क्शन' असं लिहितात. त्यातला 'मायो' म्हणजे हाच ग्रीक उंदीर.

हा उंदीर आपल्याला परका नाही. संस्कृत 'मूष्', 'मूषक', लॅटिन 'मूस', इंग्रजी 'माउस' हे सगळे एका घरचे. आपल्याकडच्या व्युत्पत्तिकारांनी मूषकाचा संबंध 'मुष्' म्हणजे चोरणे या धातूशी लावला. घरातलं धान्य पळवणारा तो मूषक. संस्कृतात 'मुष्क' असाही शब्द आहे. तो शरीराच्या दुसऱ्या अवयवाला, अंडकोशाला लावला गेला, पण मुळात कल्पना तीच, छोट्या उंदराची. म्हणजे 'मसल कार' या नावाची साल सोलत गेलं तर आत मूषक सापडतो. ज्या देशात गणरायाचं वाहनच मूषक आहे, तिथल्या माणसाला या नावाचं नवल वाटायला नको. प्रचंड देह आणि त्याला वाहून नेणारं चपळ, चिमुकलं बळ, ही जोडी आपण दर भाद्रपदात मखरात बसवतो.

आता मराठी पाहा. जिथे रोमनांना उंदीर दिसला, तिथे आपल्या माणसाला बेडूक दिसला. 'बेडकुळी' म्हणजे छोटी बेडकी. मासा–मासोळी, तशी बेडूक–बेडकुळी. प्रत्ययसुद्धा लॅटिनसारखाच, लहानपणाचा आणि थोडा लाडाचा. काही ठिकाणी दंडातल्या त्या गोळ्याला नुसतं 'बेडकी'ही म्हणतात. बेडूक बसल्या जागी फुगतो, उडी मारण्यापूर्वी अंग आवळून घेतो, आणि हात लावला तर गार, घट्ट, गुळगुळीत लागतो. पहिला पाऊस झाला की डबक्याकाठी उकिडवं बसून बेडूक बघितलेल्या पोरांनीच हा शब्द घडवला असणार. दंडाला हात लावून पाहिल्याशिवाय असा शब्द सुचत नाही.

पण हल्ली बहुतेक जण 'बेटकुळी' म्हणतात आणि लिहितातही तसंच. ड चा ट झाला आणि बेडूक अदृश्य झाला. आता शब्द ऐकून कुणाला डबकं आठवत नाही; 'बेट' कुठून आलं, असा प्रश्नही पडत नाही. एका अक्षराच्या फरकाने एक अख्खं चित्र पुसलं गेलं. दौलताबादला उभं राहून हे लिहिताना एकनाथांची गोष्ट आठवल्यावाचून राहत नाही. त्यांचे गुरू जनार्दनस्वामी या किल्ल्यावर अधिकारी होते. त्यांच्याकडे हिशेबाचं काम करताना एका पैची चूक लागेना म्हणून नाथ रात्रभर दिव्यापुढे वह्या चाळत बसले, आणि पहाटे चूक सापडली तेव्हा आनंदाने टाळी वाजवून उठले, अशी कथा परंपरेने सांगतात. शब्दांचा हिशेब असाच असतो. पै लहान असते, पण ती सापडेपर्यंत वही जुळत नाही. बेटकुळीतली पै म्हणजे तो हरवलेला ड.

शरीरातल्या बळाला आपल्याकडे आणखी दोन शब्द आहेत आणि दोन्ही आपापल्या जागेवरून हललेले आहेत. 'स्नायू' हा संस्कृतात मुळात तात, शीर, बांधून ठेवणारा दोर. धनुष्याच्या दोरीलाही तो लावत. त्याच गोतातून लॅटिन 'नेर्वुस' आणि ग्रीक 'न्यूरॉन' आले, आणि तिकडे त्यांचा अर्थ मज्जातंतू असा ठरला. मराठीत मात्र स्नायू म्हणजे मांसाचा गोळा. सुश्रुतसंहितेत या दोहोंची वेगळी मोजदाद आहे, ९०० स्नायू आणि ५०० पेशी. सुश्रुताच्या लेखी मांसाचा गोळा म्हणजे 'पेशी'. हिंदीने तो अर्थ 'मांसपेशी'त जपला. मराठीने पेशीला सूक्ष्मदर्शकाखाली नेऊन बसवलं, म्हणून आपण रक्तातल्या पांढऱ्या पेशी म्हणतो. तालमीतला पोरगा मात्र ना स्नायू म्हणतो ना पेशी. तो म्हणतो 'पिळदार'. दोरखंडाला पीळ बसला की तो मजबूत होतो, तसं शरीर. सुश्रुताच्या स्नायूतला दोर असा आडवाटेने मराठीत परतला आहे.

आता गाडीकडे वळू. जिला मसल कार म्हणतात ती जन्मली अमेरिकेत, डेट्रॉइटच्या परिसरात. 'डेट्रॉइट' हा फ्रेंच शब्द, अर्थ अरुंद जलमार्ग, सामुद्रधुनी. १७०१ साली कादियाक नावाच्या फ्रेंच अधिकाऱ्याने तिथल्या नदीच्या चिंचोळ्या पात्राकाठी किल्ला बांधला आणि त्याभोवती शहर वाढलं. पुढे त्याचंच नाव 'कॅडिलॅक' या श्रीमंती मोटारीला मिळालं. १७६३ साली त्या किल्ल्याला एका मूळ रहिवासी सरदाराने वेढा घातला. तो ओडावा जमातीचा, नाव पाँटिअॅक. त्याच्या नावाने जवळच एक गाव वसलं आणि गावाच्या नावावरून मोटार आली. जिथे सन १६३३ मध्ये मोगलांनी घातलेल्या वेढ्याच्या कहाण्या अजून सांगतात, त्या दौलताबादेत बसून हे वाचताना डेट्रॉइट फार लांबचं वाटत नाही. किल्ला, वेढा, सरदार, आणि मग त्या सरदाराच्या नावाने मिरवणारं बळ.

१९६४ साली याच पाँटिअॅक कंपनीने मसल कार म्हणजे काय ते ठरवून टाकलं. कंपनीचे प्रमुख अभियंते जॉन डिलोरियन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'टेंपेस्ट' नावाच्या मध्यम आकाराच्या, साध्या घरगुती गाडीत मोठ्या गाडीचं ३८९ घनइंची, म्हणजे सुमारे ६.४ लिटरचं आठ सिलिंडरचं इंजिन बसवलं. एवढ्या आकाराच्या गाडीत एवढं मोठं इंजिन घालायला मूळ कंपनी जनरल मोटर्सची मनाई होती. म्हणून त्यांनी वेगळी गाडी न काढता टेंपेस्टवर जादा पैसे देऊन घेता येणारी जोड म्हणून ते विकलं आणि नाव दिलं 'जीटीओ'. पाच हजार खपतील असा अंदाज होता. पहिल्या वर्षी ३२,४५० खपल्या. हलकं अंग आणि भारी इंजिन, एवढाच तो मंत्र. तरुण माणसाला परवडणाऱ्या किमतीत पैलवानाचा दम. सुरुवातीला अमेरिकी मासिकं अशा गाड्यांना 'सुपरकार' म्हणत. 'मसल कार' हे नाव मागून रुजलं आणि तेच टिकलं. 'सुपर' म्हणजे नुसतं वरचढ. कान ऐकतो आणि विसरतो. 'मसल' डोळ्यांना दिसतो. जिवंत राहणाऱ्या नावात बहुतेकदा एखादं शरीर असतं.

त्या गाड्यांच्या बॉनेटकडे बघितलं की हे पटतं. मोठं इंजिन, त्याच्यावर कार्बोरेटर आणि त्याच्यावर हवा गाळणारी ताटली, एवढी चळत सपाट पत्र्याखाली मावेना. म्हणून पत्र्याला मधोमध उंचवटा द्यावा लागला, कुठे हवा घेणारं नाकाडं काढावं लागलं. काही गाड्यांत, १९६९ च्या मस्टँग माक वनमध्ये किंवा १९७० च्या प्लिमथ बाराकुडात, हे नाकाडं थेट इंजिनवरच बसवलेलं असे आणि बॉनेटला पाडलेल्या भोकातून वर डोकावे. गाडी जागच्या जागी चालू असताना इंजिन हलायचं, तसं ते नाकाडंही थरथरायचं. कातडीखालचा उंदीर किंवा बेडूक हलतो, तसं. त्याला अमेरिकी लोक 'शेकर' म्हणत, हलणारं. त्या पोराने काढलेली बेडकुळी या यंत्राच्या रचनेतच होती.

आणि आवाज. आपल्या भागात बळाचा आवाज म्हणजे बुलेटचा. तिच्या एकाच सिलिंडरमध्ये इंजिनच्या दर दोन फेऱ्यांमागे एक स्फोट होतो, म्हणून तिचे ठोके सुटे ऐकू येतात. लोक 'ठोका' हाच शब्द वापरतात, हृदयाचा वापरतात तोच. अमेरिकी व्ही-एट इंजिनात चार-चार सिलिंडरच्या दोन रांगा इंग्रजी व्ही अक्षरासारख्या कलत्या बसवलेल्या. इंजिनच्या दर फेरीला चार स्फोट, आणि ते डाव्या-उजव्या रांगेत सारख्या अंतराने न वाटले जाता मागेपुढे पडतात. म्हणून ठोके एकमेकांत मिसळून त्यांची गुरगुर होते, पण एकसुरी होत नाही. तिच्यात एक लडखडता ताल राहतो. बुलेट ठोके देते, व्ही-एट गुरगुरतं. गुरगुरणं आपण कुत्र्याला आणि वाघाला राखून ठेवलेलं क्रियापद आहे. एखाद्या यंत्राला ते आपसूक लागू पडावं, ही त्या यंत्राला मिळालेली मोठी पावती.

नावांत तर जनावरांचा कळपच आहे. फोर्डने १७ एप्रिल १९६४ रोजी आणलेली मस्टँग पहिल्याच वर्षात चार लाखांहून जास्त खपली. 'मस्टँग' हा मुळात स्पॅनिश 'मेस्तेन्यो'. स्पेनमध्ये गुरं-मेंढरं पाळणाऱ्यांची 'मेस्ता' नावाची संघटना होती. कळपातून भरकटलेली, मालक नसलेली जनावरं तिच्या ताब्यात जात. तशी जनावरं ती मेस्तेन्यो. 'मेस्ता'चं मूळ लॅटिन 'मिक्स्ता', मिसळलेली. आणि त्याची संस्कृत बहीण म्हणजे 'मिश्र'. मराठीत मस्टँगला नेमका शब्द आहे 'मोकाट'. मुक्त, मोकळा, मोकाट हे सारे एका घरातले. ज्याला कोंडवाड्यात घालायला ग्रामपंचायतीचा माणूस धावतो, ते जनावर. अमेरिकेने त्याच जनावराला स्वातंत्र्याचं चिन्ह केलं आणि घराघरांत नेऊन बांधलं.

दुसरी गाजलेली गाडी डॉजची 'चार्जर', १९६६ साली आलेली. 'फास्ट अँड फ्युरियस' चित्रपटांतली काळी चार्जर आपल्याकडच्या पोरांना पाठ आहे; ती १९७० सालची. चार्जर म्हणजे लढाईत शत्रूवर झेपावणारा घोडा. पण या शब्दाचं मूळ आणखी मजेचं आहे. गॉल देशातल्या केल्टिक लोकांच्या गाड्याला 'कार्रोस' म्हणत. रोमनांनी तो शब्द उचलून 'कार्रुस' केला. त्यातूनच 'कार' आला. गाड्यावर माल लादणे म्हणजे 'कार्रिकारे', आणि त्यातून 'चार्ज'. लादणं, मग बंदुकीत दारू भरणं, मग तुटून पडणं, असा अर्थ सरकत गेला. म्हणजे 'कार' आणि 'चार्जर' एकाच गाड्याची चाकं. आपल्या उशाशी फोनला लावलेला चार्जरही त्याच गाड्यातून उतरला आहे. तोही ओझंच लादतो, विजेचं.

गाडा म्हटलं की मराठी शब्दांची ओळ उभी राहते. प्राकृतात 'गड्डी', मराठीत मोठा तो गाडा आणि लहान ती गाडी. संसाराचा असतो गाडा, मुंबईला जाते गाडी. गाडी हा शब्द आपण बैलांकडून घेऊन आगगाडीला दिला, मग मोटारीला आणि दुचाकीलाही. नवं वाहन आलं म्हणून नवा शब्द शोधत बसलो नाही. चाक हे संस्कृत चक्र, प्राकृत चक्क. इंग्रजी 'व्हील' त्याचाच दूरचा भाऊ. 'अक्ष'चा आपण आस केला, तिकडे त्याचा 'अॅक्सल' आहे. 'युग'चं आपण जू केलं, तिकडे 'योक' आहे. वाहन आणि 'व्हेइकल' दोन्ही 'वह्' या एकाच मुळाचे. आणि त्याच मुळाचं आपलं 'वाहणं'. दसऱ्याला गाडी धुऊन, हार घालून आपण वाहनाला फूल वाहतो, तेव्हा एका वाक्यात त्या धातूच्या दोन पिढ्या भेटतात.

मोटार आली तेव्हा म्हातारी माणसं 'मोटार हाकतो' म्हणत. हाकणं गुरांचं. आजही आपण गाडी दामटतो, गाडी जोराची असेल तर ती 'चांगली ओढते', चढावर 'दम टाकते', आणि बिघडली की 'बसते'. ही सगळी भाषा गोठ्यातून आलेली. यंत्राचं बळ मोजायचं माप तर उघड उघड जनावराचं आहे, अश्वशक्ती. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात जेम्स वॉटला आपली वाफेची यंत्रं विकायची होती. गिऱ्हाइकाकडे घोडे होते, म्हणून त्याने यंत्राचं काम घोड्यांत सांगितलं. एक अश्वशक्ती म्हणजे सुमारे ७४६ वॅट. आपला शेतकरी विहिरीवर 'साडेसात एचपीची मोटर' म्हणतो, तेव्हा जिथे पूर्वी बैल मोट ओढत तिथे नकळत साडेसात घोडे जुंपतो.

या मापानेच मसल कारची कहाणी पालटली. १९६४ च्या जीटीओला ३२५ अश्वशक्ती होती, तीन कार्बोरेटर लावले तर ३४८. १९७० च्या शेवरोलेट शेव्हेलच्या सर्वांत तगड्या रूपाला ४५०. त्याच वर्षी अमेरिकेत शुद्ध हवेचा कडक कायदा झाला. तरुण चालकांच्या विम्याचे हप्ते वाढले. १९७१ पासून इंजिनांचा दाब उतरवला गेला. १९७२ पासून अश्वशक्ती मोजायची रीतच बदलली. आधी नुसतं इंजिन चौकटीवर उघडं ठेवून मोजत. आता पंखा, सायलेन्सर, सगळा संसार जोडून मोजू लागले. शब्द तोच राहिला, पण मापट्याचा तळ वर आला आणि आकडे एका वर्षात खाली कोसळले. ऑक्टोबर १९७३ मध्ये अरब देशांनी तेल रोखलं आणि तो जमाना संपला. जेमतेम दहा वर्षांचा.

आपल्या मातीत या गाड्या फारशा उतरल्या नाहीत, पण त्यांची नावं उतरली. जनरल मोटर्सने १९२८ साली मुंबईत शिवडीला जुळणीचा कारखाना काढला. सोलापूरला जन्मलेल्या वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन केली, क्रायस्लर कंपनीशी करार केला, आणि १९४७ पासून कुर्ल्याच्या कारखान्यातून डॉज, प्लिमथ आणि डिसोटो बाहेर पडू लागल्या. म्हणजे चार्जरचं आडनाव, 'डॉज', मराठी माणसाच्या तोंडी चार्जर जन्मण्याच्या जवळजवळ वीस वर्षं आधी बसलेलं होतं. ज्या मस्टँगने हा लेख सुरू झाला, ती फोर्डने २०१६ साली भारतात रीतसर विकायला आणली.

आणि त्या डॉजच्या बॉनेटवर काय असे? १९३२ पासून डॉजने आपल्या मोटारीच्या नाकावर मेंढ्याची मूर्ती बसवली. डोकं खाली, शिंगं वळलेली, धडकायच्या तयारीत. आता मान वर करून किल्ल्याकडे पाहा. चिनी महालाजवळच्या बुरुजावर मोगल काळातली एक मोठी तोफ आहे. तिच्यावर औरंगजेबाचं नाव आणि 'किल्लाशिकन', म्हणजे किल्ले फोडणारी, असं फारसी नाव कोरलेलं आहे. पण तिच्या मागच्या टोकाला मेंढ्याचं शिर आहे, शिंगांसकट, आणि लोक तिला मेंढा तोफच म्हणतात. फारसी नाव धातूवर राहिलं, मराठी नाव तोंडात राहिलं. दोन्ही नावांचा अर्थ मात्र एकच. रोमन सैनिक दरवाजे फोडायच्या ओंडक्याला 'अरिएस' म्हणत, म्हणजे मेंढा, आपल्या राशीतला मेष. इंग्रजांनीही त्याला मेंढाच म्हटलं, 'रॅम'. किल्ला फोडणारं बळ पाहिलं की माणसाला, तो रोमचा असो, डेट्रॉइटचा असो की देवगिरीचा, म्हणजे याच दौलताबादचा, मेंढाच आठवतो.

मी त्या तोफेच्या शिंगांवरून हात फिरवला. कितीतरी हातांनी ती गुळगुळीत झाली आहेत. तोफेच्या तोंडाकडे फार थोडे लोक जातात. मुलं मेंढ्यालाच हात लावतात. माझ्या मते जुन्या मसल कारचं न ओसरणारं आकर्षण नेमकं इथे आहे. ज्या बळाला चेहरा आहे, अंग आहे, आवाज आहे, त्याच्याशी माणूस नातं जोडतो. त्या गाड्यांत बळ कुठे आहे ते बाहेरून दिसत होतं. बॉनेट उचललं तर इंजिन दिसे, त्याला हात लावता येई, घरच्या अंगणात पाना घेऊन ते खोलता येई. आज गाड्या त्यांच्यापेक्षा वेगवान आहेत, सुरक्षित आहेत, तेल कमी पितात, आणि हवाही कमी नासवतात. हे सगळं चांगलंच आहे. पण बॉनेटखाली आता एक काळं प्लास्टिकचं झाकण दिसतं. बळ वाढलं, बेडकुळी गेली.

अशा जुन्या गाड्यांना 'क्लासिक' म्हणतात. हा शब्दही लॅटिन, 'क्लासिकुस', रोमच्या सर्वांत वरच्या वर्गातला नागरिक. त्याचं आपण केलेलं भाषांतर म्हणजे 'अभिजात', चांगल्या कुळात जन्मलेला. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला तो याच शब्दाने. मसल कार कुळाने अभिजात नव्हती. ती घरगुती गाडीच्या पोटी जन्मली आणि लोकांच्या प्रेमाने अभिजात ठरली. मराठीचंही तसंच आहे. यादवांच्या काळात ती याच देवगिरीच्या दरबारी नांदली, पण टिकली ती ओवीत, अभंगात, भारुडात आणि पिळदार दंड दाखवणाऱ्या पोरांच्या तोंडी.

दौलताबाद या नावातली 'दौलत' अरबी आहे. तिच्या धातूचा अर्थ फिरणं, पाळीपाळीने येणं. ज्याची पाळी आली त्याची सत्ता, म्हणून दौलत म्हणजे राज्य. पेशवाईच्या कागदांत ती याच अर्थाने येते. मग राज्याबरोबर येणारी संपत्ती, तीही दौलत. म्हणजे या गावाच्या नावातच एक फिरतं चाक आहे. मसल कारचंही चाक फिरलं. डॉजने २०२३ च्या अखेरीस जुन्या धाटणीची व्ही-एट इंजिनाची चार्जर बनवणं थांबवलं. नवी चार्जर आधी विजेवर चालणारी आली, आणि तिला इंजिनसारखा आवाज यावा म्हणून मुद्दाम आवाज करणारी यंत्रणा बसवली आहे. यंत्र मुकं झालं तरी माणसाला गुरगुर हवीच आहे.

किल्ल्यापासून जवळच, छत्रपती संभाजीनगरच्या वाळूजला १९८५ पासून दुचाकी बनतात. शेंद्र्याला मोटारी बनल्या. या पट्ट्यातल्या गॅरेजांत आणि कारखान्यांत तीन पिढ्यांची यंत्रांची मराठी साठली आहे. ठोका, ओढ, दम, पिकअप, गाडी धरते, गाडी फेकते, आवाज फाटला, इंजिन जाम झालं. विजेच्या गाड्यांना ठोका नाही, म्हणून ठोका हा शब्दही एक दिवस बेडकुळीतल्या बेडकासारखा निघून जाईल. तुमच्या गावात जुना मिस्तरी असेल तर त्याच्याजवळ तासभर बसा, तो इंजिनाबद्दल कसं बोलतो ते ऐका आणि वहीत उतरवून ठेवा. आणि यापुढे दंड वाकवून दाखवणाऱ्या पोराबद्दल लिहाल, तेव्हा 'बेडकुळी' लिहा, ड घालून.